शेजाऱ्यांच्या वादासाठी मध्यस्थी सेवा : तक्रारीआधी काय हाती लागते आणि काय लागत नाही

वरच्या मजल्यावरून रात्री-बेरात्री येणाऱ्या आवाजाने झोप मोडत असेल आणि समोरासमोर बोलूनही फरक पडत नसेल, तर बहुतेकांना दोनच वाटा दिसतात. एक तर सहन करायचे, नाहीतर तक्रार करायची. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे शेजाऱ्यांचे वाद मिटवण्यासाठी चालवली जाणारी मध्यस्थी सेवा. आमच्या कुटुंबाने अशी सेवा घेतली, तिची सारी प्रक्रिया पूर्ण केली आणि पुढे एका मुद्द्यावर रीतसर तक्रारही दाखल केली. त्यामुळे दोन्ही मार्गांविषयी स्वानुभवाने लिहिता येते. माझे मत आधीच सांगतो. समोरच्याला आपल्या वागण्याचा दुसऱ्याला किती त्रास होतो हे उमगलेलेच नसेल, तर ही सेवा फार मोलाची आहे. त्याला ते पुरेपूर कळले असून तो थांबत नसेल, तर तिचा उपयोग तक्रारीची पूर्वतयारी एवढाच होतो. आणि जिथे धमकी, भीती किंवा जिवाला धोका आहे, तिथे मध्यस्थाकडे जाऊच नये.

सेवेचे स्वरूप साधे आहे. दोन्ही बाजूंशी काहीही लागेबांधे नसलेला, प्रशिक्षण घेतलेला माणूस आधी प्रत्येकाला स्वतंत्र भेटतो, मग दोघांची संमती असेल तर एकत्र बैठक घेतो. तो निकाल देत नाही, कोण चूक कोण बरोबर हे ठरवत नाही आणि कोणालाही काही करायला भाग पाडू शकत नाही. बैठकीत बोललेले बैठकीबाहेर जाणार नाही, अशी हमी सुरुवातीलाच दोघांकडून लिहून घेतली जाते. या कामाची परंपरा अर्ध्या शतकाची तरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७६ साली वस्तीतल्याच रहिवाशांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत शेजाऱ्यांचे वाद सोडवण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि त्या धर्तीवर पुढे अनेक ठिकाणी केंद्रे निघाली. सिंगापूरने १९९८ मध्ये सरकारी सामुदायिक मध्यस्थी केंद्र उघडले आणि २०१५ मध्ये शेजाऱ्यांच्या वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाचा कायदा केला, म्हणजे समजुतीने न सुटलेल्या वादाला बंधनकारक आदेश मिळण्याची सोय झाली. ही दुसरी पायरी का लागते, ते आमच्याच प्रकरणात पुढे दिसले.

आमची अडचण तीन आवाजांची होती : मध्यरात्रीनंतर फरशीवर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या, व्यायामाची वजने खाली ठेवताना बसणारे दणके, आणि स्पीकरचा खर्जातला घुमणारा ठोका. मध्यस्थ बाईंनी पहिल्याच स्वतंत्र भेटीत या तिन्हींची वेगवेगळी नोंद करून घेतली, आणि या सेवेचे पहिले श्रेय मी त्यालाच देईन. तोवर आम्ही सगळ्याला मिळून ‘वरचा गोंगाट’ म्हणत होतो. त्यांनी प्रत्येक आवाजाबद्दल विचारले : तो कोणत्या खोलीत ऐकू येतो, किती वेळ टिकतो, त्या वेळी घरात कोण काय करत असते, आणि तो पूर्ण थांबायला हवा आहे की ठरावीक वेळेनंतर थांबला तरी चालेल. शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरातच दोन मते निघाली. ती बैठकीत शेजाऱ्यांसमोर निघाली असती तर आमची बाजू तिथेच ढिली पडली असती.

आवाजाच्या तंट्यात एक गोष्ट समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण निम्मा राग तिथूनच येतो. हवेतून येणारा आवाज, म्हणजे बोलणे किंवा दूरचित्रवाणी, जाड स्लॅब बऱ्यापैकी अडवतो. पण खुर्चीचा पाय किंवा लोखंडी वजन थेट फरशीवर आदळले की ती कंपने स्लॅबमध्ये शिरतात आणि खालच्या घराचे अख्खे छतच त्या आवाजाचा पडदा बनते. त्यामुळे खाली जो दणका बसतो, त्याची वरच्या माणसाला बरोबर कल्पना येत नाही. त्याच्या कानावर पडते ती खुर्चीची हलकी घरघर. म्हणून खालचा माणूस ‘मुद्दाम करतात’ म्हणतो आणि वरचा ‘उगाच कांगावा करतात’ म्हणतो, आणि दोघेही आपापल्या कानांशी प्रामाणिक असतात. स्पीकरच्या खर्जाची गोष्ट आणखी वेगळी. कमी वारंवारतेचा ध्वनी भिंतींना फारसा जुमानत नाही आणि कानात घालायच्या बोळ्यांनाही पुरता अडत नाही, म्हणून दारे-खिडक्या लावूनही तो छातीत जाणवत राहतो.

एकत्र बैठकीतला सर्वांत उपयोगी क्षण याच मुद्द्यावर आला. मध्यस्थ बाईंनी दोन्ही घरांच्या खोल्यांचा साधा आराखडा कागदावर एकाखाली एक काढायला लावला. शेजाऱ्यांची जेवणाची जागा आमच्या निजायच्या खोलीवर येते, कारण वरच्या घरात दुरुस्तीच्या वेळी खोल्यांची अदलाबदल झाली होती. शेजारीण कामावरून उशिरा येतात आणि त्यांचे जेवण मध्यरात्रीनंतर होते. त्या म्हणाल्या, “दादा, तुमची मुलं पलीकडच्या खोलीत झोपतात असंच आम्ही धरून चाललो होतो.” या एका वाक्याने खुर्च्यांचा प्रश्न जवळजवळ संपला. खुर्च्यांच्या पायांना जाड नमद्याच्या चकत्या लावायच्या, टेबलाखाली अस्तर असलेली सतरंजी घालायची, आणि वजनांसाठी जाड रबरी चटई आणून ती भिंतीच्या कडेला टाकायची, हे त्यांनी स्वतःहून सुचवले. खर्च कोणी करायचा हा प्रश्न निघण्याची मला धास्ती होती. तो निघालाच नाही.

त्यांचीही एक तक्रार होती आणि ती ऐकणे मला महत्त्वाचे वाटले. इमारतीतल्या दुसऱ्या एका रहिवाशाने सर्वांच्या मोबाइल गटावर त्यांच्या घराचा क्रमांक देऊन ‘संस्कार नसलेली माणसे’ असे लिहिले होते. त्या संदेशानंतर त्यांनी आवाज कमी करण्याचा विचारच सोडून दिला होता, कारण आता काही बदल केला तर ती शिवी मान्य केल्यासारखे होईल, असे त्यांना वाटत होते. चारचौघांत नाव घेतल्याने शेजारी सुधारतो हा समज किती महागात पडतो, हे त्या बैठकीत फार स्पष्ट झाले. सामूहिक गट सूचना देण्यासाठी ठीक आहे. एका घराविषयीची तक्रार त्या घराच्या दाराशी किंवा तिची दखल घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच जावी.

स्पीकरवर मात्र गाडे अडले. तो घरातल्या तरुण मुलाचा होता आणि तो बैठकीला आला नव्हता. त्याच्या वतीने आईवडिलांनी रात्रीची एक वेळ मान्य केली, स्पीकर जमिनीवरून उचलून रबरी पायांच्या मांडणीवर ठेवण्याचे आणि खर्ज कमी करण्याचे कबूल केले. ज्याने पाळायचे त्याच्या गैरहजेरीत झालेला करार कच्चा राहतो. ही सेवेची उणीव आहे, असे मी ठामपणे म्हणतो. आवाज प्रत्यक्ष कोण करतो, हे पहिल्या भेटीत विचारले गेले होते. तर मग त्या व्यक्तीला बैठकीत आणण्याचा आग्रह धरायला हवा होता, किंवा तिच्याशी वेगळे बोलायला हवे होते.

लिखित करारनामा मात्र उत्तम तयार झाला. ‘एकमेकांशी सलोख्याने वागू’ यासारखी वाक्ये मध्यस्थांनी खोडून टाकली आणि प्रत्येक कलमात कोण, काय, कधीपासून आणि कोणत्या वेळेनंतर हे भरायला लावले. ‘आवाज कमी ठेवू’ याऐवजी ‘अमुक वेळेनंतर स्पीकर बंद राहील, गाणी कानातल्या यंत्रावर ऐकली जातील’ असे वाक्य आले. त्रास झालाच तर दार ठोठवायचे नाही आणि छतावर काठी आपटायची नाही, फक्त एकदा फोन करायचा आणि फोन घेणाऱ्याने त्यावर वाद न घालता आवाज बंद करायचा, हेही लिहिले गेले. अशा कलमामुळे पुढच्या प्रत्येक प्रसंगी नवे भांडण उकरण्याची गरज उरत नाही, कारण काय करायचे ते शांत डोक्याने आधीच ठरलेले असते.

एका कलमाबद्दल वाचकांना आवर्जून सांगतो. मध्यस्थीतले बोलणे गोपनीय असल्याने, पुढे तक्रार करायची वेळ आली तर ‘त्यांनी बैठकीत कबूल केले होते’ असे म्हणता येत नाही. आमच्या मध्यस्थांनी हे सहीपूर्वीच समजावले आणि दोघांच्या संमतीने एक ओळ घातली : बैठकीतली चर्चा गोपनीय राहील, पण सही केलेला करारनामा इमारतीच्या व्यवस्थापनाला दाखवता येईल. ही ओळ नसती तर करार मोडल्यावर आमच्या हाती काहीच उरले नसते. सेवा घेणाऱ्याने याबद्दल स्वतः विचारावे, कारण प्रत्येक मध्यस्थ ते सांगेलच असे नाही. शिवाय आपल्या त्रासाच्या नोंदी मध्यस्थीपासून वेगळ्या आणि स्वतंत्र वहीत ठेवाव्यात. त्या नोंदी तुमच्या स्वतःच्या असतात, त्यांवर गोपनीयतेचे बंधन येत नाही.

नोंदींचा विषय निघालाच आहे, तर मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपविषयी थोडे लिहितो, कारण बैठकीला येताना बरेच जण त्यातले आकडे पुरावा म्हणून घेऊन येतात, असे मध्यस्थ बाईंनीच सांगितले. आकड्यांचा संदर्भ असणे चांगले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निजायच्या खोलीत सतत येणाऱ्या आवाजासाठी सरासरी ३० डेसिबल आणि एकेका दणक्यासाठी ४५ डेसिबल ही मर्यादा सुचवली होती. पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते, त्यामुळे ‘फक्त १० ने जास्त’ असे म्हणण्याला अर्थ नाही. दुसरे असे की नेहमीचे मापन माणसाच्या कानाला जुळवून केलेल्या ‘ए’ भारांकनावर चालते आणि ते खर्जाचा आवाज बराच वजा करते. ६३ हर्ट्झच्या ठोक्याला ते सुमारे २६ डेसिबल कमी दाखवते. म्हणजे जो घुमणारा ठोका रात्रभर जागवतो, तोच ॲपच्या आकड्यात निरुपद्रवी दिसतो. फोनचा मायक्रोफोन प्रमाणित यंत्र नाही, हे तर वेगळेच. अधिकृत मापनाला आंतरराष्ट्रीय मानकानुसार वर्ग १ किंवा वर्ग २ चे आणि वेळोवेळी तपासलेले यंत्र लागते. मध्यस्थ बाईंनी आमचे आकडे बाजूला ठेवले आणि वहीतल्या नोंदी वाचल्या, ते मला पटले. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कोणत्या प्रकारचा आवाज, कोण जागे झाले आणि त्यावर आम्ही काय केले, एवढे लिहिलेली साधी वही आकड्यांपेक्षा जास्त बोलते. तीत विशेषणे आली की तिचे वजन घटते.

आता सेवेच्या कमतरता. भेटीची वेळ मिळायला बराच अवधी लागला, आणि झोपेच्या तक्रारीत तो अवधी फार जाणवतो. दुसरा मध्यस्थ, जो बैठकीत साहाय्यक म्हणून होता, प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडावे असे सुचवत राहिला. खुर्च्यांच्या बाबतीत ते योग्य होते. पण रात्री दीडला चालणाऱ्या स्पीकरच्या बाबतीत ‘तुम्हीही थोडे समजून घ्या’ म्हणणे म्हणजे त्रास देणारा आणि त्रास सोसणारा यांना एका तागडीत बसवणे होय. निःपक्षपाती राहणे आणि दोघांचा दोष सारखा धरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मध्यस्थाला हा फरक सांभाळता आला नाही की गरीब स्वभावाचा पक्षकार बैठकीतून आणखी दबून बाहेर पडतो. तिसरी उणीव पाठपुराव्याची. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी सेवेच्या दृष्टीने प्रकरण संपले. त्यानंतर कोणी विचारपूस केली नाही.

खुर्च्या आणि वजने यांचा त्रास पूर्ण थांबला आणि तो आजही थांबलेला आहे. स्पीकर काही काळ शांत राहिला, मग पुन्हा सुरू झाला. ठरल्याप्रमाणे आम्ही फोन केला. सुरुवातीला आवाज बंद झाला, पुढे फोन उचलला जाईनासा झाला. तेव्हा तक्रार करायची की नाही, हा प्रश्न घरात पुन्हा उभा राहिला. तक्रारीला बहुतेक माणसे ज्या कारणाने कचरतात, ते कारण खरे आहे : शेजारी बदलत नाही आणि तक्रारीनंतरही जिन्यात रोज तोच चेहरा दिसणार असतो. तक्रारीची नोंदही मागे राहते. उदाहरणार्थ, इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकताना भरायच्या नेहमीच्या माहितीपत्रात शेजाऱ्यांशी झालेल्या वादांबद्दल विचारलेले असते. म्हणून रागाच्या भरात अर्ज करू नये हे मान्य. पण कचरण्यालाही मर्यादा हवी. ज्याने लेखी कबूल करून मोडले आहे, त्याच्याविषयी तक्रार करणे हा शेजारधर्माचा भंग नव्हे. तो आधीच दुसऱ्या बाजूने झालेला असतो.

तक्रार करावी की नाही हे ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, समोरच्याला त्रास स्पष्ट शब्दांत आणि निदान एकदा लेखी कळवला आहे का. कुजबुज, सूचक टोमणे आणि जिन्यातले घुम्मे चेहरे हे कळवणे नव्हे. दुसरी, त्रास टाळता येण्याजोगा आहे का. तान्ह्या बाळाचे रडणे, आजाऱ्याचे रात्रीचे उठणे-बसणे, चालण्याची काठी, यांची तक्रार करून कोणाचे भले होत नाही. तिथे आपल्याच खोलीची अदलाबदल किंवा शेजाऱ्याला अस्तराची सतरंजी सुचवणे हाच मार्ग. स्मृतिभ्रंश झालेली एकटी वृद्ध व्यक्ती रात्री भांडी आपटत असेल, तर तिला शिक्षेची नव्हे, नातेवाइकांची किंवा समाजसेवकाची गरज असते. तिसरी, तक्रारीचा परिणाम अपराधाच्या मानाने किती मोठा होईल. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचे घरच जाईल अशी शक्यता असेल, तर आवाजाच्या एका महिन्यासाठी तेवढी किंमत वसूल करणे न्यायाचे आहे का, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

काही प्रसंगी मात्र एवढा विचार करत बसण्याला वेळ नसतो आणि मध्यस्थाची पायरीही नसते. शेजारघरातून मारहाणीचे, मुलाच्या किंवा बाईच्या ओरडण्याचे आवाज येत असतील, धमकी दिली गेली असेल, कोणी पाठलाग करत किंवा पाळत ठेवत असेल, जिन्याचा बाहेर पडण्याचा मार्ग सामानाने अडवला असेल, वायूचा वास येत असेल किंवा विजेच्या तारांशी धोकादायक खेळ चालला असेल, तर थेट संबंधित यंत्रणेला कळवावे. घरात हिंसा होत असताना पती-पत्नीला समोरासमोर बसवून तोडगा काढणे तर घातक ठरू शकते, कारण पीडित व्यक्ती त्या बैठकीत खरे बोलूच शकत नाही आणि घरी गेल्यावर त्याचे परिणाम तिलाच भोगावे लागतात. आम्ही घेतलेल्या सेवेने पहिल्या भेटीत भीती किंवा हिंसेबद्दल प्रत्येकाला एकांतात विचारले, ही तिची मोठी जमेची बाजू मी मानतो. जी सेवा हे विचारत नाही, तिच्याकडे जाऊ नये.

निनावी तक्रारीचा मोह अनेकांना होतो. धोक्याच्या प्रकरणात नाव गुप्त ठेवण्याची मागणी जरूर करावी. आवाजाच्या तक्रारीत मात्र निनावीपणा फारसा टिकत नाही, कारण खालच्या छताचा आवाज खालचाच माणूस सांगू शकतो, हे कोणालाही कळते. नाव देऊन केलेल्या तक्रारीवर अधिकारी पुढचे प्रश्न विचारू शकतो, आणि आपल्यालाही तिचा पाठपुरावा करता येतो.

आम्ही व्यवस्थापनाकडे एका पानाचा अर्ज दिला. त्यात करारनाम्याची प्रत, तो मोडल्याच्या तारखा आणि वेळा, केलेले फोन आणि एकच मागणी होती : ठरलेल्या वेळेनंतर स्पीकर बंद राहावा. शेजाऱ्यांच्या स्वभावाविषयी, मुलाच्या वळणाविषयी एक शब्दही घातला नाही. अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना तसे सांगितले. व्यवस्थापनाने त्यांना लेखी समज दिली, आणि या वेळी मुलाला स्वतः बोलावून त्याची सही घेतली. स्पीकर आता रात्री वाजत नाही. शेजारीणबाई काही आठवडे बोलत नव्हत्या. नंतर त्यांनीच एकदा जिन्यात थांबून मुलांच्या परीक्षेची चौकशी केली. खुर्च्यांच्या चकत्या झिजल्या की त्या बदलतात, हे आम्हाला न विचारताही ऐकू येते.

सेवा चालवणाऱ्यांकडे माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. ज्याच्यामुळे त्रास होतो ती व्यक्ती बैठकीला नसेल, तर त्या मुद्द्यावर सह्या घेऊ नयेत, बैठक पुढे ढकलावी. आणि करार झाल्यावर महिन्याभराने दोन्ही घरांना स्वतंत्र फोन करून कोणते कलम पाळले जाते आणि कोणते नाही, एवढे तरी विचारावे. आमच्या बाबतीत तो फोन आला असता, तर स्पीकरचा मुद्दा बहुधा तक्रारीपर्यंत गेला नसता.